चार्टपेपरवरचं ठाणे

रात्री साडेनऊच्या सुमाराला कुठल्याही शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानासमोर उभे राहा. हेल्मेटही न काढता एक बाप विचारत असतो, "ठाणे शहराची माहिती आहे का? प्रोजेक्टला पाहिजे. उद्या." दुकानदार मान वर न करता म्हणतो, "कितवी?" तिसरी म्हटलं की ड्रॉवरमधून पाकीट निघतं. मासुंदा तलावाचं एक चित्र, कौपिनेश्वर मंदिराचं एक, वाफेच्या इंजिनाचं एक (ते बहुधा विलायतेतलं असतं) आणि ‘ठाणे हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते’ असा सुरू होणारा दहा ओळींचा मजकूर. वर निळा चार्टपेपर आणि गोंदाची बाटली. घरी आई कापते, बाबा चिकटवतात. ज्याचं प्रोजेक्ट आहे ते पोर तोवर झोपलेलं असतं.

मला या बापाला हसायचा अधिकार नाही. बत्तीस वर्षं मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं आणि त्यातली निदान पंधरा वर्षं हे प्रोजेक्ट मीच मागवत होते. तपासतही मीच होते. समास सरळ, स्केचपेनने काढलेलं नाव सुबक, कडेला टिकल्या चिकटवलेल्या, की शेरा ‘उत्तम’. कोणाच्या चार्टवर काय लिहिलं होतं असं त्याच संध्याकाळी कोणी विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. वेगळं काही नसायचंच ना कोणाच्या चार्टवर.

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत जुने कागद, जुने फोटो, कोरीव दगड, नकाशे, रजिस्टरं यांचा तोटा नाही. प्राथमिक शाळांत परिसर अभ्यासाच्या प्रकल्पांचाही तोटा नाही. या दोघांची गाठ मात्र पडत नाही. ती घालून देण्याची जबाबदारी दरवेळी शिक्षकांवर ढकलली जाते. माझ्या मते ती संग्रह ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांची आहे. हे मी शिक्षकांची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. कसं ते पुढे येईलच.

आधी एका रजिस्टरची गोष्ट सांगते.

जुन्या शाळांत ‘जनरल रजिस्टर’ नावाची एक जाडजूड वही असते. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ. नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. आमच्या शाळेतलं सर्वांत जुनं रजिस्टर कार्यालयातल्या गोदरेजच्या कपाटात, कापडात गुंडाळलेलं असायचं. शाईचा रंग चहासारखा झालेला. एकदा एक म्हातारे गृहस्थ दाखल्यासाठी आले होते, त्यांची ओळ शोधताना मी ते पहिल्यांदा नीट वाचलं, आणि त्यांचा दाखला देऊन झाल्यावरही वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात फळ्यावर मी त्यातले फक्त तीन रकाने उतरवले. नावं नाहीत, जात नाही. जन्मगाव, जन्मतारीख, सोडण्याचं कारण. एकाच पानावरच्या वीसेक ओळी. मुलांना एवढंच म्हटलं, "ही आपल्याच शाळेतली मुलं आहेत. तुमच्या आजोबांच्या वयाची. काय दिसतंय ते सांगा."

पहिल्या पाच मिनिटांत काही नाही. मग मागच्या बाकावरून एकीचा आवाज आला, "बाई, ह्या सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा?"

खरंच होतं. वीसातल्या अकरा जणांची जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शिक्षकाला हे कोडं नाही. पोराला शाळेत आणणाऱ्या आईबापांना तारीख ठाऊक नसायची. गुरुजी पोराकडे बघून, दात मोजून, कधी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का पाहून वर्ष ठरवायचे आणि शाळेच्या वर्षाला सोयीची म्हणून १ जून टाकायचे. निम्मी पिढी कागदोपत्री त्या एका दिवशी जन्मली आणि पुढे त्याच हिशेबाने निवृत्तही झाली. पण ते मी लगेच सांगितलं नाही. "का असेल?" एवढंच विचारलं. जुळी असतील, म्हणाला एक. अकरा जुळी नसतात, दुसरा. त्या दिवशी सगळ्या दवाखान्यांत सुट्टी नसेल, तिसरी. मग एक मुलगा शांतपणे म्हणाला, "माझ्या आजीची पण एक जूनच आहे. पण ती म्हणते मी होळीच्या आदल्या दिवशीची."

झालं. त्या दिवसाचा गृहपाठ ठरला. आजी-आजोबांना दोन तारखा विचारायच्या, कागदावरची आणि घरातली. घरातल्या ज्या आल्या त्या मी अजून विसरले नाही. ‘मोठ्या पुराच्या साली’, ‘मामाच्या लग्नानंतरच्या भादव्यात’, ‘गांधीजी गेले तेव्हा रांगत होते’. तिसरीतल्या मुलांनी त्या आठवड्यात कागद आणि आठवण यांतला फरक शिकला. दोन्हींपैकी खरं कोणतं मानायचं आणि कसं ठरवायचं, हा इतिहासातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, तो त्यांनी आपण होऊन विचारला. चार्टपेपर एकही लागला नाही.

जन्मगावांच्या रकान्यानेही गंमत केली. सुरुवातीच्या पानांवर बेलापूर पट्टी, कळवा, मुरबाड, शहापूर. साठ सालानंतरची पानं उलटली की सातारा, चिपळूण, जळगाव, मग जौनपूर आणि आझमगढ. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. कारखाने इथे उभे राहिले, तशी शाळेच्या रजिस्टरात गावं वाढत गेली. मुलांनी नकाशावर टाचण्या लावल्या. टाचण्या कशा दूर दूर जाताहेत ते बघून एक जण म्हणाला, "बाई, शाळा मोठी होत चालली."

हे रजिस्टर कुठल्याही वस्तुसंग्रहालयात नाही. ते बहुतेक प्रत्येक जुन्या शाळेत आहे आणि ते उघडतं फक्त दाखल्यासाठी किंवा जात पडताळणीसाठी. २०२३च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायची सरकारी मोहीम निघाली तेव्हा राज्यभर शाळांची आणि तहसिलांची जुनी दप्तरं खाली उतरली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या मोहिमेच्या राजकारणात मला शिरायचं नाही. माझ्या मनात एवढंच आलं की मनात आणलं तर एका महिन्यात कपाटं उघडतात, माणसं मिळतात, झेरॉक्सचीही सोय होते. मुलांसाठी म्हटलं की मात्र कपाटाची किल्ली सापडत नाही.

जातीच्या रकान्याचं काय, असं कोणी विचारेल, आणि विचारावंच. ते पान आठ वर्षांच्या मुलांसमोर जसंच्या तसं ठेवता येत नाही. फळ्यावर उतरवताना तो रकाना मी गाळला, तो विसरून नव्हे. संग्रहातली प्रत्येक वस्तू मुलांपुढे ठेवण्याजोगी नसते. कोकणात ठिकठिकाणी शिलाहारकाळचे, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे, गद्धेगळ सापडतात. दानाची नोंद असलेले कोरीव दगड ते. दिलेलं दान जो मोडेल त्याला त्यावर शिवी कोरलेली असते, आणि ती शब्दांत नाही, चित्रात. एका उत्साही शिक्षकाने तो फोटो परिपाठाला दाखवला आणि मग ‘सर, तो गाढव काय करतोय’ या प्रश्नाला उत्तर देता देता त्याची काय अवस्था झाली ते मी पाहिलेलं आहे. निवड करावी लागते. ती करायला वस्तूही कळावी लागते आणि मूलही.

आणि इथेच घोडं अडतं. वस्तू कळणारे ग्रंथालयात, संशोधन मंडळात, कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात. मूल कळणारे शाळेत. शिक्षकाने वेळ काढून तिकडे जावं, असं सगळे सल्ले देतात. प्राथमिक शिक्षकाचा एक आठवडा मी सांगते. मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधार जुळत नाही म्हणून चार पालकांना फोन, ऑनलाइन माहिती ‘आजच्या आज’, आणि उरलेल्या वेळात पटावरच्या साठ मुलांना वाचायला शिकवायचं. त्यातून त्याने ग्रंथसंग्रहालयात बसून १८८२चं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीकोश, चाळावा अशी अपेक्षा करणं म्हणजे चार्टपेपरचाच रस्ता मोकळा ठेवणं.

त्या गॅझेटिअरचंच घ्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये ठाणे जिल्ह्याला १३वा खंड, तोही दोन भागांत, आणि वर १४वा खंड, असा ऐसपैस कारभार आहे. मासे, झाडं, मिठागरं, होड्या, बाजार, रस्ते, पावसाचे आकडे, गावोगावच्या देवळांची नि तलावांची वर्णनं. चौथीच्या वर्गाला त्यातलं एक अर्धं पान पुरतं. पण ते साहेबी इंग्रजीत आहे, आणि इथल्या जाती-जमातींबद्दलचा त्याचा सूर आपण मुलांच्या हाती द्यावा असा नाही. कोणीतरी ते अर्धं पान निवडून मराठीत आणायला हवं. हे काम एकदा करायचं आहे, शंभर शिक्षकांनी शंभर वेळा नव्हे.

ठाण्याला याची सवय नाही असंही म्हणता येत नाही. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ला सुरू झालं, मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या आधी पाच वर्षं, हे कुठलाही ठाणेकर दोन वाक्यांत एकदा ऐकवतोच. (इथेही १ जून! पण हा वाढदिवस खरा.) विनायक लक्ष्मण भाव्यांसारख्या माणसाने त्या काळी जुनी पुस्तकं आणि पोथ्या जमवायचं मनावर घेतलं. त्याहीआधी, १८६६ सालापासून, ‘अरुणोदय’ हे वर्तमानपत्र ठाण्यातून निघत होतं. जमवणारी माणसं या गावात होती आणि आहेत. जमवलेलं राखणारीही आहेत. पण राखणं म्हणजे लपवून ठेवणं, असा एक समज मधल्या काळात रुजला. एका ठिकाणी मी वर्ग घेऊन येऊ का असं विचारलं, तर उत्तर मिळालं, "लहान मुलं? हात लावतील हो." हात लावतील म्हणूनच तर आणायचं होतं. अर्थात शंभर वर्षांच्या पिवळ्या कागदाला चिक्कीचे हात लागू नयेत हे मलाही कळतं. अस्सल पान कपाटातच राहू दे, मुलांना त्याची चांगली रंगीत प्रत चालते.

म्हणून मला हवी आहे एक पेटी. पत्र्याची ट्रंक असली तरी चालेल. फिरतं ग्रंथालय आपल्याला माहीत आहे, तशीच ही फिरती पेटी. आत दहा-बारा वस्तूंच्या प्रती, मोठ्या आकारात, लॅमिनेशन केलेल्या. चार भिंगं. आणि प्रत्येक वस्तूबरोबर शिक्षकासाठी एकच पान. ही वस्तू कुठून आली, कधीची, तिच्याबद्दल नक्की काय माहीत आहे आणि काय नाही. प्रश्नपत्रिका नको, ‘अध्ययन निष्पत्ती’ नको, त्या आम्ही लिहू. पेटी तीन आठवडे एका शाळेत, मग पुढच्या. खर्चाचं म्हणाल तर आपल्याकडे एका दहीहंडीला स्पीकरच्या भिंती लागतात, त्यातली एक भिंत कमी केली तर जिल्हाभर पेट्या फिरतील.

त्या पेटीत काय असावं यावर मी रात्री झोप येत नसली की विचार करते. पहिली वस्तू पक्की आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना एक ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९चा, म्हणजे इ.स. १०१७चा. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात त्याचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. तो किल्ला म्हणजे आजचं आपलं मध्यवर्ती कारागृह. ठाण्याची मुलं त्याच्या तटाला वळसा घालून रोज रिक्षाने शाळेत जातात आणि किल्ला बघायला सहल काढायची म्हटली की रायगडाला जातात. तांब्याच्या पत्र्यावर का लिहिलं, कागदावर का नाही? दान दिल्याचं लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली, देणाऱ्याला की घेणाऱ्याला? तुमच्या घरात असा कोणता कागद आहे जो आई प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर अजून एक पिशवी घालून, कपाटात साड्यांखाली ठेवते? हा शेवटचा प्रश्न विचारला की वर्ग उसळतो. खोलीचा करारनामा, रेशन कार्ड, गावचा सातबारा. हजार वर्षांपूर्वीचा तांब्याचा पत्रा आणि आईची पिशवी यांत फार अंतर उरत नाही.

दुसरी वस्तू त्याच किल्ल्यातली, पण ती एक गोष्ट आहे. १८१६ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून इथून निसटले. हे पक्कं. एक मराठा साईस खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा आणि गाण्यांतून त्यांना निरोप पोचवायचा, असं सांगतात. हे सांगतात. मुलांनी दोन रंगांच्या खडूंनी फळ्यावर लिहायचं, ठाऊक असलेलं पांढऱ्याने, सांगितलं जाणारं पिवळ्याने. एका तासात आठ वर्षांचं मूल हे करू शकतं. मोठी माणसं फॉरवर्ड पाठवण्याआधी हे करत नाहीत, पण तो वेगळा विषय.

आणि रेल्वे. १६ एप्रिल १८५३, शनिवार, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. हे ठाण्याच्या मुलांना बाराखडीसारखं पाठ असतं आणि बाराखडीइतकंच त्याचं नवल वाटतं. मी एका वर्षी त्यांच्यापुढे चार वेगवेगळी पुस्तकं ठेवली आणि एकच काम दिलं, गाडीला किती वेळ लागला ते शोधा. कुठे ५७ मिनिटं सापडली, कुठे सव्वा तास. वर्गात भांडण लागलं. छापील पुस्तक चुकतं, हा त्यांना धक्काच होता. कुठून मोजलं, कधी थांबलं म्हणजे पोचलं, मध्ये पाणी भरायला थांबली तो वेळ धरायचा का, घड्याळं सगळ्यांची सारखी होती का. हे प्रश्न त्यांचे. आणि मग दिव्याहून येणारा एक मुलगा, ज्याचे वडील रोज पहाटेची लोकल धरतात, म्हणाला, "बाई, ५७ असेल तर आत्ताच्या स्लोला पण तेवढीच लागतात." मी त्या वर्षी प्रकल्पाला गुण कसे द्यायचे हेच विसरले.

ही सगळी जुन्या ठाण्याची मिरासदारी झाली, असा आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. वर्गातली अर्धी मुलं ज्यांच्या घरी मालवणीही बोलत नाहीत आणि आगरीही नाही, भोजपुरी किंवा तेलुगू बोलतात, त्यांना अरिकेसरीशी काय देणंघेणं? ‘स्थानिक’ इतिहास म्हणजे चार जुन्या आळ्यांतल्या चार जुन्या घराण्यांचा, असं होत असेल तर तो शाळेत न आलेलाच बरा. पण मासुंद्याच्या पाळीवर उभं राहून नुसतं बघा. कौपिनेश्वर आहे, पाण्यापलीकडे पोर्तुगीज काळापासूनचं चर्च आहे, टेंभी नाक्याकडे चालत गेलात तर पारशांची अग्यारी आणि १८७९ सालचं बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग. यातलं कोण कधी, कुठून आलं? रजिस्टरातल्या टाचण्यांसारखंच आहे हे. जौनपूरच्या पोराला या गावाच्या इतिहासात शिरायला वेगळा दरवाजा लागत नाही. मात्र पेटीत त्याच्या वडिलांच्या पिढीचीही वस्तू हवी. बंद पडलेल्या कारखान्याचा गेट पास, पगाराचं पाकीट, भोंग्याची वेळ. हे आत्ता जमवलं नाही तर रद्दीवाला जमवेल. किलोवर.

नवी मुंबईत हा प्रश्न उलटा उभा राहतो. तिथली मुलं, आणि खरं सांगायचं तर तिथले शिक्षकही, म्हणतात आमच्याकडे इतिहासच नाही, आमचं शहर तर पन्नास वर्षांचं. १७ मार्च १९७०ला सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. म्हणजे इतिहास नाही असं नाही, तो सेक्टरच्या आकड्यांखाली आहे. वाशीला शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने जुना भूमापन नकाशा मिळवला आणि त्याच मापाचा आजचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढून घेतला. एकावर एक ठेवायचे आणि आपली बिल्डिंग शोधायची, एवढंच. कोणाची बिल्डिंग भातशेतात निघाली, कोणाची खाजणात, कोणाची मिठागरात. एकाची चक्क खाडीत. "टीचर, आमचा पार्किंग पाण्यात आहे." त्याच वर्गात गावठाणातली एक मुलगी होती. तिने शेताच्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे आमचं होतं. बाबा सांगतात." शेजारी बसणारी मुलगी त्याच तुकड्यावरच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मैत्रीण सांगत होती, मी पुढे काही बोललेच नाही, काय बोलणार?

आता हे शिकवायचं म्हटलं की मुख्याध्यापकांना घाम फुटतो. जानेवारी १९८४मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात उरण भागात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा प्रश्न अजून घराघरांत धुमसतो. माझं मत विचाराल तर तिसरीला गोळीबार नको. तो आठवी-नववीला यावा, आणि जरूर यावा. तिसरीला नकाशा पुरे. नकाशाने प्रश्न पडतोच, त्याला कोणी चिथवावं लागत नाही.

उलट एका गोष्टीला मी जास्त घाबरते. स्थानिक इतिहास म्हटला की ‘अभिमान’ हा शब्द आपल्या तोंडी फार लवकर येतो. आमचं ठाणं पहिलं, आमचं जुनं, आमचं थोर. चार्टपेपरवर तेच असतं. ज्या गोष्टीचा अभिमान बाळगायचं आधीच ठरलं आहे तिच्याबद्दल मूल प्रश्न विचारत नाही. टाळ्या वाजवतं आणि विसरतं. चेंदणी कोळीवाड्यातून रेल्वे गेली आणि कोळीवाड्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. पहिल्या रेल्वेचा अभिमान आणि हे दुभागणं, दोन्ही एकाच रुळाच्या गोष्टी आहेत. चौथीतल्या मुलाला दोन्ही झेपतात. आपल्यालाच झेपत नाहीत.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार निघत आलं आहे, त्यामागची कल्पना उत्तम होती. पण १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्हा तलासरीपासून बदलापूरपर्यंत पसरलेला, एका पुस्तकात काय काय मावणार? मुलाला डहाणूचे चिकू कळायचे, खिडकीतून दिसणारी खाडी कळायची नाही. चौथीत थेट शिवछत्रपती. ते हवेतच. पण जिल्हा आणि स्वराज्य यांच्या मध्ये मुलाची स्वतःची गल्ली कुठेच लागत नाही. पुस्तकाकडून ती अपेक्षा करणंही चूक आहे. गल्लीचं पुस्तक छापता येत नसतं, तिची पेटी करता येते.

ग्रंथालयांना हे करायला काय भाग पाडेल? सदिच्छा नव्हे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. तपासणीला आले की सभासद किती, पुस्तकं किती, वर्तमानपत्रं किती, हे मोजतात. त्यात एक रकाना वाढवा. या वर्षी तुमच्या संग्रहातली वस्तू किती वर्गांपर्यंत गेली? रकाना आला की कपाटाची किल्ली सापडते, हे मी बत्तीस वर्षं सरकारी तक्ते भरून शिकले आहे. महापालिकांच्या शिक्षण विभागाने एवढंच करावं की पेटी शाळेत आहे त्या तीन आठवड्यांत दुसरा कुठलाही ‘उपक्रम’ आणि त्याचे फोटो मागू नयेत.

शिक्षकांनीही एक गोष्ट बदलावी, आणि हे मी माझ्या जुन्या चार्टपेपरांना स्मरून लिहिते. आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाचे गुण असतात. ते सजावटीला देणं थांबवा. मुलाने विचारलेल्या एका चांगल्या प्रश्नाला द्या. प्रश्न स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात मिळत नाही. निदान अजून तरी.

माझ्या शेवटच्या वर्षी चौथीच्या वर्गाने गावातल्या नावांची यादी केली होती. मीठबंदर रोड, घोडबंदर, जांभळी नाका, खारकर आळी, वागळे इस्टेट. प्रत्येकापुढे ‘का?’. मीठबंदरचं एका मुलीच्या पणजीने सांगितलं, वागळेंचं एका वॉचमनने. पाचपाखाडीशी सगळे अडले. पाखाडी म्हणजे वस्तीतली वाडी किंवा आळी, इथवर आलो. पण पाच कोणत्या? पोरं दुकानदारांना विचारत फिरली, देवळात विचारलं, एका आजोबांनी तर त्यांना अर्धा तास बसवून घेतलं आणि शेवटी दुसऱ्याच कुठल्या गावाची गोष्ट सांगितली. मी निवृत्त झाले त्या दिवशी तो तक्ता भिंतीवरच होता. पाच पाखाड्यांसाठी आखलेल्या पाच ओळी, त्यातल्या तीन भरलेल्या, आणि तीनपैकी दोन नावांपुढे पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह.